कोनोची खडी, मन्रोव्हियाची पावती : सिएरा लिओनच्या युद्धाला हिऱ्यांचा पैसा कसा मिळाला

1994 ते 1998 या पाच वर्षांत बेल्जियमच्या आयातनोंदीत लायबेरियातून आलेले 3 कोटी 10 लाख कॅरेटहून अधिक कच्चे हिरे दिसतात. म्हणजे वर्षाला सरासरी साठ लाख कॅरेट. लायबेरियाच्या जमिनीतून वर्षाला फार तर एक ते दीड लाख कॅरेट निघू शकत होते. हा आकडा कुठल्याही गुप्त फायलीत नव्हता. बेल्जियममधल्या अँटवर्प या हिरेबाजाराच्या शहरातल्या हिरे परिषदेनेच तो नोंदला होता आणि कोणीही उघडून पाहू शकत होतं. ‘पार्टनरशिप आफ्रिका कॅनडा’ या संस्थेने जानेवारी 2000 मध्ये तो चव्हाट्यावर आणला, तेव्हा शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धाचं नववं वर्ष चालू होतं.

या युद्धाबद्दल ‘हिऱ्यांसाठी झालेलं युद्ध’ असं सर्रास लिहिलं जातं. ते अपुरं आहे. हिरे 1930 पासून सापडत होते, युद्ध 1991 ला सुरू झालं. मधल्या साठ वर्षांत जे घडलं त्यात या प्रकरणाची खरी किल्ली आहे. बंडखोरांनी हिरे विकण्याची कुठलीही नवी वाट पाडली नाही. तस्करांनी, कर चुकवणाऱ्यांनी आणि खुद्द सरकारातल्या माणसांनी शांततेच्या काळात मळवलेली वाट त्यांनी वापरली.

फावडं, घमेलं, चाळण

हिऱ्याचा मूळ खडक म्हणजे किंबरलाइट. पूर्वेकडच्या कोनो जिल्ह्यात, कोइडू गावाजवळ त्याच्या नळ्या, म्हणजे जमिनीत खोल उभे गेलेले खांब, आहेत. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने हा खडक झिजला आणि त्यातले हिरे ओढ्यानाल्यांतून बाफी, सेवा, मोआ या नद्यांच्या खोऱ्यांत पसरले. नदीच्या जुन्या-नव्या पात्रांत, पूरमैदानांत, दलदलीत, मातीच्या थराखाली खडीचा एक पट्टा असतो. हिरे त्या पट्ट्यात. कुठे अर्ध्या मीटरवर खडी लागते, कुठे आठ-दहा मीटर खणावं लागतं.

काढण्याची पद्धत अशी. आधी वरची माती उपसून बाजूला टाकायची. खड्ड्यात पाणी भरतं, ते बादल्यांनी किंवा पंपाने काढत राहायचं. खडी लागली की ती वर आणून ढीग घालायचा आणि मग पाण्यात उभं राहून चाळायची. वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्या एकावर एक धरून गोल फिरवत हिसके दिले की जड खडे मधोमध गोळा होतात. वाळूतल्या गारेची घनता 2.65, हिऱ्याची 3.5. हा फरक बिनयंत्राच्या चाळणीला पुरेसा असतो. चाळण पालथी घातली की मध्यभागी काळसर जड खनिजांचा ठिपका दिसतो आणि नशीब असेल तर त्यात हिरा. भांडवल काय, तर फावडं, घमेलं, चाळण आणि मजुरांना खायला तांदूळ. हा तांदूळ आणि हत्यारं पुरवणाऱ्याला तिथे ‘सपोर्टर’ म्हणतात. मजुराला रोजचा शिधा, थोडे पैसे आणि सापडलेल्या मालात वाटा, असा हा अर्धेलीच्या शेतीसारखा व्यवहार आहे. फरक एवढाच की इथे पीक येईलच याची काही खात्री नाही.

त्याच देशातली दुसरी खनिजं शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ही गोष्ट किती निर्णायक होती ते कळतं. दक्षिणेत रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाची मोठी खाण होती, जवळच बॉक्साइटची. दोन्ही मिळून देशाला सर्वाधिक परकीय चलन देत. जानेवारी 1995 मध्ये बंडखोरांनी त्या ताब्यात घेतल्या आणि दोन्ही बंद पडल्या. ड्रेजर, वीज, धक्का, जहाज यांच्याशिवाय रुटाइल विकता येत नाही. बंडखोरांना तिथून लूट आणि ओलीस मिळाले, सरकारचं उत्पन्न बुडालं, एवढंच. कोनोत मात्र खाण ताब्यात आली की दुसऱ्या दिवसापासून माल निघू लागतो. हजार कॅरेट म्हणजे 200 ग्रॅम. कॅरेटला 200 डॉलर एवढाच भाव धरला तरी खिशात मावणारा दोन लाख डॉलरचा ऐवज. कुत्र्याला त्याचा वास येत नाही, धातुशोधक यंत्राला तो दिसत नाही.

बोट्स्वानाचं उदाहरण ‘चांगल्या कारभाराचा नमुना’ म्हणून सतत दिलं जातं. कारभार चांगला होता यात वाद नाही. पण ओरापा आणि ज्वानेंगचे हिरे नळीतच आहेत, भोवती कुंपण घालता येतं, आत जायला एकच फाटक ठेवता येतं. कोनो आणि आसपासची हजारो चौरस किलोमीटरची नदीखोरी कुंपणात कशी घालणार? भूगर्भाने बोट्स्वानाला दिलेली सवलत हिशेबात न धरता दोन सरकारांची तुलना करणं अन्यायाचं आहे.

शांततेच्या काळात मळलेली वाट

ब्रिटिशांनी 1935 मध्ये ‘सिएरा लिओन सिलेक्शन ट्रस्ट’ या एकाच कंपनीला जवळजवळ सगळ्या देशातल्या हिऱ्यांचा 99 वर्षांचा मक्ता दिला. ज्यांच्या शेतात हिरे होते ते लोक एका सहीने चोर ठरले. 1950च्या दशकात हिऱ्यांची झुंबड उडाली. 1956 च्या सुमारास एकट्या कोनोत 75,000 बेकायदा खणणारे असल्याचा अंदाज होता. कंपनीचा मक्ता येंगेमा आणि टोंगो या दोन भागांपुरता आकसला आणि बाकीच्या भागात स्थानिकांना परवाने मिळू लागले. पण तोवर माल सीमेपलीकडे लायबेरियाच्या राजधानीला, मन्रोव्हियाला जायची सवय लागून गेली होती. तिकडे नेण्याचं कारण साधं होतं. लायबेरियात चलन अमेरिकी डॉलर होतं आणि मालाबद्दल प्रश्न विचारले जात नसत. ही गळती थांबवण्यासाठी डी बीअर्स या बलाढ्य हिरेकंपनीने ब्रिटिश गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख पर्सी सिलिटो यांना नेमलं होतं. गळती थांबली नाही.

पुढचा घाव देशातल्याच नेत्याने घातला. सियाका स्टीव्हन्स 1968 पासून 1985 पर्यंत सत्तेत होते. 1971 मध्ये त्यांनी कंपनीचे 51 टक्के भाग सरकारकडे घेतले. कागदावर हे राष्ट्रीयीकरण. व्यवहारात हिऱ्यांचं खातं त्यांच्या आणि जमील मोहम्मद या व्यापाऱ्याच्या हाती गेलं. कुंपणच शेत खाऊ लागलं. अधिकृत निर्यातीचे आकडे सगळं सांगतात : 1970 मध्ये 20 लाख कॅरेटहून अधिक, 1980 मध्ये 5 लाख 95 हजार, 1988 मध्ये 48 हजार. जमिनीतले हिरे संपले नव्हते, ते फक्त कागदावरून नाहीसे झाले होते. तिजोरीत पैसा नाही म्हणून शिक्षकांचे पगार नाहीत, रस्ते नाहीत, आणि सैनिकाला पोटापुरतं मिळत नाही. 23 मार्च 1991 रोजी शंभरएक माणसांची टोळी लायबेरियातून कैलाहून जिल्ह्यातल्या बोमारू गावात शिरली, तेव्हा तिला अडवायला खऱ्या अर्थाने सैन्य नव्हतंच.

टोळीचं नाव रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट, म्हणजे आरयूएफ. म्होरक्या फोडे सांको, सैन्यातून हाकललेला माजी कॉर्पोरल. पाठीशी चार्ल्स टेलर, जो तेव्हा लायबेरियात स्वतःचं बंड चालवत होता आणि 1997 मध्ये तिथला अध्यक्ष झाला.

दोन्ही बाजूंची खाणकामं

आरयूएफने पहिल्या दिवसापासून हिऱ्यांवर झडप घातली असं नाही. कोनो पहिल्यांदा त्यांच्या हाती पडलं ऑक्टोबर 1992 मध्ये. तोवर राजधानी फ्रीटाउनमध्ये कॅप्टन व्हॅलेंटाइन स्ट्रासरचं लष्करी सरकार आलं होतं. सरकारने घाईघाईने सैन्य कित्येक पटींनी फुगवलं, शहरातली बेकार पोरं भरती केली आणि त्यांना हिऱ्यांच्या मुलखात पाठवलं. तिथे काय झालं ते एका शब्दात लोकांनी पकडलं : ‘सोबेल’. दिवसा सोल्जर, रात्री रेबेल. सैनिक गावावर हल्ल्याची अफवा उठवत, लोक पळाले की खड्डे मोकळे होत, आणि सैनिकच खडी चाळत बसत. लढाई जिंकण्यात कुणालाच घाई नव्हती.

1995 मध्ये सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ या भाडोत्री लष्करी कंपनीला बोलावलं. काहीशे माणसं आणि दोन-चार हेलिकॉप्टरं यांनी काही आठवड्यांत कोनो मोकळं केलं. बिल झालं 21 महिन्यांचे सुमारे साडेतीन कोटी डॉलर. सरकारकडे तेवढे पैसे नव्हते. जवळचे संबंध असलेल्या ‘ब्रँच एनर्जी’ला कोइडूच्या किंबरलाइटचा 25 वर्षांचा पट्टा मिळाला. म्हणजे बंडखोर हिरे विकून लढत होते आणि सरकार हिरे गहाण टाकून. सरकार आणि आरयूएफ यांच्यातल्या नोव्हेंबर 1996 च्या आबिजान करारातल्या अटीनुसार एक्झिक्युटिव्ह आउटकम्स जानेवारी 1997 मध्ये गेली, मे महिन्यात सैन्याने बंड केलं आणि या वेळी बंडखोर सैनिकांनी आरयूएफलाच राजधानीत बोलावून सत्तेत वाटा दिला.

टोंगोतला ‘सायबॉर्ग पिट’ हा खड्डा याच 1997 सालातला. सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाच्या निकालात त्याचं वर्णन आहे. बंदुकीच्या धाकाने आणलेले गावकरी, वर पहाऱ्याला हत्यारबंद माणसं आणि त्यांत लहान मुलंही, आणि खणणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्या. काही ठिकाणी खडीचे दोन ढीग करायची पद्धत होती, एक आरयूएफचा आणि एक खणणाऱ्याचा. चांगली खडी कुठल्या ढिगात जायची हे सांगायला नको. खाणकामासाठी वेगळे कमांडर होते, सापडलेल्या खड्यांच्या वह्या होत्या. रानटी टोळी म्हणून आरयूएफचं चित्र रंगवलं जातं, पण या बाबतीत त्यांचा हिशेब त्या काळच्या सरकारपेक्षा नेटका होता.

खड्ड्यापासून अँटवर्पपर्यंत

माल कोनोहून कैलाहून जिल्ह्यातल्या बुएडूला जाई. तिथे आरयूएफचा सेनापती सॅम बोकारी बसे. बुएडूहून सीमा ओलांडून लायबेरियातलं फोया, आणि तिथून मन्रोव्हिया. टेलरवरच्या खटल्यात मेयोनीजच्या बरणीतून हिरे नेल्याची साक्ष आहे. परतीच्या वाटेवर बंदुका, काडतुसं, तांदूळ, औषधं. मोठी खेप कशी येई याचं एक चांगलं नोंदलेलं उदाहरण मार्च 1999 चं आहे. युक्रेनमधून 68 टन शस्त्रं बुर्किना फासोच्या वागाडुगूत उतरली. कागदावर खरेदीदार बुर्किनाचं संरक्षण मंत्रालय. तिथून ती लिओनिद मिनिन या व्यापाऱ्याच्या विमानाने फेऱ्या मारून लायबेरियात पोचवली गेली. लायबेरियावर शस्त्रबंदी होती, बुर्किनावर नव्हती. एवढ्या एका फटीतून 68 टन माल गेला.

आणि हिरे? मन्रोव्हियात ते लायबेरियन झाले. बेल्जियमच्या नोंदीत त्या काळी ‘कुठून आला’ म्हणजे शेवटचं पाकीट कुठून रवाना झालं ते लिहीत. जमिनीतून कुठे निघाला हे विचारलंच जात नसे. पावतीवर मन्रोव्हियातल्या ब्रॉड स्ट्रीटचा पत्ता असला की काम झालं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पथकाने शोध घेतला तेव्हा त्या पत्त्यांवर त्या कंपन्या नव्हत्या. या पथकात इंटरपोलचे तज्ज्ञ म्हणून भारताचे हरजितसिंग संधू होते. डिसेंबर 2000 च्या अहवालात पथकाने आरयूएफचं हिऱ्यांचं वार्षिक उत्पन्न अडीच कोटी ते साडेबारा कोटी डॉलर धरलं. एवढा रुंद पल्ला पाहून अहवाल ढिला आहे असं वाटेल, पण चोरट्या मालाचा याहून काटेकोर आकडा कुणी दिला तर त्याच्याकडेच संशयाने पाहावं.

सुरुवातीच्या आकड्याकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहायला हवं. पाच वर्षांत 3 कोटी 10 लाख कॅरेट हे लायबेरिया आणि सिएरा लिओन दोघांचं मिळूनही होत नाहीत. मग बाकीचे कुणाचे? रशियातून आणि इतर ठिकाणांहून आलेला, कर चुकवण्यासाठी ‘लायबेरियन’ म्हणून दाखवलेला माल त्यात मोठ्या प्रमाणात होता. रक्ताशी ज्याचा काही संबंध नव्हता अशा या नेहमीच्या चोरीच्या गर्दीत आरयूएफच्या बरण्या बिनबोभाट मिसळून गेल्या. गांबियाच्या हद्दीत हिऱ्यांची एकही खाण नाही, तरी तिथूनही बेल्जियमला हिरे जात होते. कस्टमच्या खिडकीवरच्या कुणालाही हे खटकू नये?

चोराच्या हाती किल्ल्या

जानेवारी 1999 मध्ये आरयूएफ आणि बंडखोर सैनिक फ्रीटाउनमध्ये घुसले. हजारोंनी माणसं मेली, हात तोडले गेले. त्यानंतर सहा महिन्यांनी, 7 जुलै 1999 रोजी, सरकार आणि आरयूएफ यांच्यात लोमे करार झाला. त्यात सांकोला माफी, उपाध्यक्षाचा दर्जा, आणि वर एक पद : देशाच्या खनिजसंपत्तीची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद. करार घडवणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की हिरे त्याच्याकडे आहेतच, ते कायद्याच्या चौकटीत आणू. तर्क वाईट नव्हता, पण कायदेशीर विकला तर वाटून घ्यावा लागणारा माल तो चोरून विकून एकटाच का खाणार नाही, याचं उत्तर करारात कुठेच नव्हतं. त्या वर्षी देशाची अधिकृत हिरे-निर्यात सुमारे 12 लाख डॉलर. मे 2000 मध्ये सांकोच्या घराची झडती झाली तेव्हा हिऱ्यांच्या नोंदी आणि परदेशी खरेदीदारांशी बोलण्यांचे कागद मिळाले.

त्याच महिन्यात आरयूएफने संयुक्त राष्ट्रांचे सुमारे 500 शांतिसैनिक पकडले किंवा वेढले. शांतिसेनेचे प्रमुख तेव्हा भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते. कैलाहूनमध्ये अडकलेल्या दोनशेहून अधिक भारतीय जवानांची सुटका जुलैमधल्या ‘ऑपरेशन खुकरी’ने झाली. ही कथा आपल्याकडे शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण जेटलींचं एक टिपणही फुटलं होतं. त्यात शांतिसेनेतल्या काही वरिष्ठ नायजेरियनांचे हिऱ्यांत हितसंबंध असल्याचा आरोप होता. नायजेरियाने तो फेटाळला. वाद विकोपाला गेला आणि सप्टेंबरमध्ये भारताने आपली तुकडी मागे घेण्याचं जाहीर केलं.

बंदी, दाखला आणि त्यातली भोकं

5 जुलै 2000 च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव 1306 ने सिएरा लिओनच्या कच्च्या हिऱ्यांवर बंदी घातली. फक्त सरकारी दाखला असलेला माल सुटला. दाखल्याची पद्धत ऑक्टोबरपासून सुरू झाली. निर्यातदार माल सरकारच्या सोने-हिरे कार्यालयात आणतो, तिथे वजन आणि मूल्य ठरतं, डिजिटल फोटो निघतो, पाकीट सीलबंद होतं, नक्कल करायला अवघड अशा कागदावर क्रमांकित दाखला मिळतो, आणि माल पोचल्यावर अँटवर्प उलट कळवतं. मार्च 2001 च्या ठराव 1343 ने लायबेरियाच्या हिऱ्यांनाही बंदी झाली.

यानेच युद्ध संपलं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. मे 2000 मधली ब्रिटिश फौज, सीमेपलीकडून गिनीने केलेले जोरदार हल्ले आणि साडेसतरा हजारांपर्यंत वाढलेली शांतिसेना यांनी आरयूएफचा कणा मोडला. बंदीने उधारी तोडली. 18 जानेवारी 2002 रोजी युद्ध संपल्याचं जाहीर झालं. मृतांचा अंदाज साधारण 50,000. टेलरला 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली. ती गुन्ह्यांना मदत केल्याबद्दल आणि काही हल्ल्यांच्या आखणीबद्दल. आरयूएफ त्याच्या हुकमाखाली होती हे न्यायालयाने मान्य केलं नाही, हा बारकावा बातम्यांत बहुधा गळतो.

सिएरा लिओनचाच दाखला पुढे जागतिक झाला. 1 जानेवारी 2003 पासून किंबर्ली प्रक्रिया ही कच्च्या हिऱ्यांच्या दाखल्यांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था लागू झाली. शुल्कवर्गवारीतल्या 7102.10, 7102.21 आणि 7102.31 या तीन शीर्षकांखालचा कुठलाही कच्चा हिरा सीलबंद पेटी आणि दाखल्याशिवाय सदस्य देशांत ये-जा करू शकत नाही. सिएरा लिओनची अधिकृत निर्यात 2004 मध्ये 12 कोटी डॉलरच्या पुढे गेली. निर्यातीवरच्या 3 टक्के करातला पाव हिस्सा खाणी असलेल्या भागांतल्या गावांच्या विकासासाठी परत जाऊ लागला.

भोकं कुठे आहेत ते पाहा. पहिलं भोक साखळीच्या अगदी तळाशी आहे. खड्ड्यापासून सरकारी कार्यालयापर्यंत खड्याबरोबर कुठलाही कागद चालत नाही. अडत्या सांगेल तो खड्डा. दाखला खरा असतो, त्याच्या आधीचं बोलणं खरं असेलच असं नाही. दुसरं, व्यापारकेंद्रात वेगवेगळ्या देशांचे खडे आकार आणि रंगाप्रमाणे निवडून एकत्र केले की पुढच्या दाखल्यावर उगम ‘मिश्र’ असा लिहिता येतो. तिसरं, पैलू पडले की किंबर्लीचा संबंध संपतो. पुढे विक्रेत्याने बिलावर लिहिलेली हमी, बस. चौथं भोक व्याख्येतच आहे. कायदेशीर सरकार उलथवू पाहणाऱ्या बंडखोरांचे हिरे तेवढे ‘संघर्षाचे’. 2008 मध्ये झिंबाब्वेत मरांगेच्या खाणींवर सरकारी फौजेनेच दोनशेवर माणसं मारली, तेव्हा ही व्याख्या हात वर करून मोकळी झाली. प्रक्रियेच्या उभारणीत पुढे असलेली ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था 2011 मध्ये बाहेर पडली.

हे सगळं मुंबई-सुरतेपासून दूर नाही. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांतले सुमारे नऊ भारतात, मुख्यतः सुरतेत घडतात. भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या रफच्या, म्हणजे कच्च्या हिऱ्यांच्या, किंबर्ली दाखल्यांचं काम रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे आहे आणि 2008 व 2019 मध्ये या प्रक्रियेचं अध्यक्षपद भारताकडे होतं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये उघडणाऱ्या पुडीचा दाखला तपासला जातो तो पेटीच्या पातळीवर, एकेका खड्याच्या नाही. युक्रेन युद्धामुळे रशियाच्या हिऱ्यांचा मुद्दा आला तेव्हा हे उघडं पडलं. किंबर्लीच्या व्याख्येत रशिया बसत नव्हता, म्हणून जी-7 देशांनी 2024 मध्ये वेगळी बंदी आणली : आधी थेट रशियातून येणारे हिरे, मग तिसऱ्या देशात पैलू पाडलेले एक कॅरेट व त्यावरचे, आणि सप्टेंबरपासून अर्धा कॅरेट व त्यावरचे. आता सुरतेच्या कारखानदाराला पाकिटाचा नाही, खड्याचा उगम विचारला जातो. ज्याने चार देशांचा रफ एका चाळणीतून काढून एकाच पेटीत ठेवला, त्याच्याकडे या प्रश्नाला दाखवायला ‘मिश्र’ लिहिलेला दाखलाच असतो.